हॉर्न वाजतो, गाडी सुरू होत नाही

किल्लीला लाल प्लॅस्टिकची पट्टी होती. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून ती वळलेली त्याला दिसली तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. गाडी सुरू झाली नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्टार्टरवर, मूठ कानामागच्या हाडावर – बापाकडून उचललेली ही रीत – असा तो वाकून उभा होता, आणि त्याच्या कानात काहीच आलं नाही. त्याने हात वर केला. पट्टी पुन्हा वळली. पुन्हा काही नाही.

“हॉर्न द्या,” तो आत बसलेल्या नर्सबाईंना म्हणाला.

हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरीत जीव होता. पुढचं सगळं त्याच्या डोक्यात आपोआप लागत गेलं, वर्षानुवर्षं लागायचं तसं... बॅटरीची ताकद कमी पडली, किंवा तिच्या टोकावरची पकड सैल झाली, की गाडी टकटक करते, थंडीत दात वाजावेत तशी. स्टार्टर अडकला तर एकच जड ठोका देते आणि गप्प बसते. आणि काहीच वाजलं नाही तर वीज तिथवर पोचतच नाही. मग किल्लीमागचा स्विच उघडायचा. कान लावायचा आणि वाट धरायची, एवढंच. लाल-काळ्या तारांचं मीटर लावत बसायचं ते ज्यांना कान नाहीत त्यांनी.

इथे आवाज नव्हता. म्हणजे स्विच.

गाडी नर्सबाईंची होती. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना औषधं टोचायच्या. नदीपलीकडच्या वसाहतीत एक म्हातारी होती, आजार हाडांत उतरलेली. रात्रीच्या इंजेक्शनचा असर सकाळी आठपर्यंत टिकायचा. त्यानंतर ती ओरडायची नाही, चादर चावायची. हे नर्सबाईंनी मघाशी त्याच्या समोर उभं राहून सांगितलं होतं, म्हणून ते त्याला नीट कळलं होतं.

तळमजल्यावरचा शिंपी चहाचा कप घेऊन पायरीवर आला. “काय कानसेन, लागली का नाडी?”

“लागेल.”

“लवकर लागू दे. डॉक्टरच अडकलाय म्हटल्यावर पेशंटनं बघायचं कुणाकडे?”

तो हसला. कानसेन हे नाव शिंप्यानेच ठेवलेलं, आणि ते उगीच नव्हतं. एके काळी लोक फोन करून फोनच इंजिनाजवळ धरायचे आणि तो जेवता जेवता सांगायचा, पंख्याचा पट्टा गेलाय, उद्या घेऊन ये. रस्त्याने ट्रक गेला तर भाकरीचा घास हातात धरून म्हणायचा, याचा तिसरा सिलिंडर रडतोय. बायको म्हणायची, गाड्यांचं सगळं ऐकता, माझं तेवढं राहून जातं. आता ती हे म्हणत नाही. आता ती कुकर स्वतःच उठून बंद करते, दाराची बेल वाजली की त्याच्यासमोर येऊन दाराकडे हात करते... त्याने एकदा तिलाच झापलं होतं – तू हल्ली पुटपुटायला लागली आहेस, स्पष्ट बोलत जा. ती गप्प राहिली होती, आणि ती गप्प आहे की अजून काही बोलते आहे हे बघायला त्याला मान वर करावी लागली होती.

तो सीटपुढे उताणा झाला, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. टॉर्च दातांत. तारांचे रंग नीट दिसत होते. डोळे अजून शाबूत होते. पायांच्या बाजूला नर्सबाईंची चप्पल थांबली, थोडी वळली. त्या काहीतरी म्हणाल्या. शेवटी आवाज किंचित चढला, म्हणजे प्रश्न असावा. अशा वेळी काय करायचं ते त्याला पाठ झालं होतं. टॉर्च तोंडात असल्याने सोपंच होतं. त्याने मान हलवली – हो. चप्पल थोडा वेळ तिथेच राहिली, मग पायरीकडे गेली आणि तिथे बसली.

स्विच सुटायला वेळ लागला. एक स्क्रू गंजला होता. हातात आल्यावर त्याने तारा थेट जोडून पाहिल्या, आणि गाडी तशीच. स्विच चांगला होता. त्याने तो पुन्हा पाहिला. चांगला स्विच हातात घेऊन बसलेल्या माणसाला मागे फिरायला पहिल्या पायरीपर्यंत जावं लागतं, आणि पहिली पायरी म्हणजे त्याचा कान.

तो बाहेर आला तेव्हा आठ वाजून गेले होते. नर्सबाई बॅग खांद्याला लावून उभ्या होत्या.

“काका, मी तुम्हाला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. या वेळी समोरून. “दुसरी गाडी बघू का, की होईलच? तुम्ही हो म्हणालात. मी तेव्हाच निघाले असते.”

त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. किल्ली त्याच्या हातात देऊन त्या कोपऱ्याकडे जवळजवळ धावतच गेल्या.

“आण, मी फिरवतो,” शिंपी म्हणाला आणि कप पायरीवर ठेवून आत बसला. कानसेनने स्विच जागेवर लावून दिला आणि तो पुन्हा बॉनेटखाली वाकला. थोड्या वेळाने शिंप्याचं डोकं बाजूने बाहेर आलं. ओठ हलले. तो जवळ गेला.

“काय?”

“म्हटलं, मग ही टकटक कसली?”

“कसली टकटक?”

“अरे ही. सकाळपासून करतेय. आम्हाला पायरीवर ऐकू येत होती. म्हटलं तुला माहीत असेल, तुझंच खातं.”

तो बॅटरीकडे वळला. टोकावरची पकड दोन बोटांत धरली आणि ती फिरली, बारीक बोटातल्या ढिल्या अंगठीसारखी. खाली पांढरी भुकटी. हॉर्नला एक घोट पुरतो, स्टार्टरला घागर लागते. पकड सैल असली की घोट येतो, घागर येत नाही. हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. हे त्याने इतरांना शिकवलं होतं. माहीत नव्हती ती फक्त टकटक... पॉलिश पेपरने टोक घासलं, पान्याने पकड आवळली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्याला ती बॉनेटवर ठेवलेल्या तळव्यातून कळली.

“एवढंच होतं?” शिंपी म्हणाला.

एवढंच होतं. पण मग मागच्या महिन्यातली ती टॅक्सी, जिचा स्टार्टर त्याने बदलायला लावला? आणि डेअरीचा टेम्पो, जो त्याने वायरिंगवाल्याकडे पाठवला? किती गाड्या त्याला खरं सांगत होत्या आणि तो ठामपणे भलतीकडे चालला होता – कधीपासून? त्याला मागे कुठे थांबावं ते सापडेना. आणि या सगळ्यामागे ती चादर. गाड्या थांबून राहतात, त्यांना दुखत नाही.

दुपारी ताट उचललं गेलं आणि टेबलावरचा फोन थरथरला. नर्सबाईंचं नाव. त्याने तो कानाला लावला. आत आवाज होता, गोधडीखालून यावा तसा, वर जाणारा, खाली येणारा, त्यात शब्द नव्हते. मधे एक जागा रिकामी आली. तिथे टाकायचं ‘हो’ जिभेवर तयार होतं.

त्याने फोन बायकोसमोर धरला.

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “त्या किती वाजता पोचल्या, आणि म्हातारीचं काय झालं, तेवढं विचार.”

तिला नवल वाटलं नाही. तिने पदराला हात पुसले, फोन घेतला, मी त्यांची मिसेस बोलतेय म्हणाली, विचारायचं ते विचारलं. मग तिचे ओठ मिटले. पलीकडून नर्सबाई बोलत होत्या, आणि बायको ऐकत होती.