नोरीनआजींच्या खिळ्यावरचा एनॅमलचा मग

माझं पांढरं अंग आता पिवळट पडलं आहे आणि बुडाशी गंजाचा एक ठिपका आहे. मित्रांनो, मी क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावर, नोरीनआजींच्या स्वयंपाकघरात राहणारा जुना एनॅमलचा मग. लोखंडी पत्र्यातून घडलो, भट्टीत तापून अंगावर लेप चढला. आजोबांच्या होडीत त्यांना चहा पाजला. ते गेले आणि मी खिळ्याला लटकून राहिलो. कुणी हात लावीना.

पुढे नात जन्मली, एथ्ना. तिच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून कळलं, की अन्नातल्या प्रथिनांमधलं फेनिलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल तिच्या शरीराला नीट वापरता येत नाही. ते साठलं तर मेंदूला बाधतं. लोखंडाला गंज चढावा तसा मेंदूच्या पेशींवर ताण येतो. म्हणून दूध, मांस, चीज वर्ज्य. बाकीची अमिनो आम्लं तिला एका उग्र वासाच्या पेयातून मिळतात. बोलायला लागली तशी ती म्हणाली, "पीन, पण आजोबांच्या मगातूनच!" माझं भाग्य उजळलं.

"शी! काय वास मारतोय!" भाऊ फर्गल चिडवायचा.

"तुझ्या मोज्यांपेक्षा बराय," ती म्हणायची.

यंदा ईस्टरआधीचा उपासकाळ आला. फर्गलने चॉकलेट सोडलं. "तू काय सोडणार गं? तुझा तर बारा महिने उपासच!"

ते तिच्या मनाला लागलं. देवासाठी सोडायला आपल्याकडे खास असं काय आहे? हे पेयच! ती गुपचूप ते मोरीत ओतू लागली. मी सगळं पाहत होतो, पण बोलणार कसा?

पेय थांबलं की शरीर आपलेच स्नायू मोडून खातं आणि नको ते आम्ल रक्तात वाढतं. एथ्ना चिडचिडी झाली. फिडलवरची, म्हणजे व्हायोलिनवरची, रोजची धून अर्ध्यावर विसरू लागली. रक्ताचा अहवालही वाईट आला.

"चोरून चीज खाल्लंस?" आईने विचारलं.

"नाही!" म्हणून ती रडत सुटली.

त्याच संध्याकाळी मला धुताना आजींना मोरीतून तो वास आला. त्या ओरडल्या नाहीत. तिला जवळ घेतलं.

"हे काय गं पोरी?"

"देवासाठी सोडलं, आजी. सगळे काहीतरी सोडतात ना."

आजींचे डोळे भरले. "अगं वेडाबाई, सोडलं म्हणजेच व्रत होतं का? रोज जपमाळ घेऊन बसते तेव्हा माझे गुडघे ठणकतात, तरी बसते. नावडतं असून तू रोज पितेस, ते तुझं व्रत."

"चालेल देवाला?"

"त्याने दिलेलं डोकं जपतेस, आणखी काय हवं त्याला?"

एथ्नाने मला दोन्ही हातांनी धरलं आणि घटाघटा प्यायली. ईस्टरला तिची धून शेवटपर्यंत गेली.

मित्रांनो, आजी रोज कोरडं पुसतात म्हणून माझा ठिपका वाढला नाही. या हातांचे उपकार मी कसे विसरू? तुमच्या पंगतीत कुणाचं ताट वेगळं असेल, तर त्याला हसू नका, त्याच्या शेजारी बसा. फर्गल आता तसाच बसतो. मी रिकामा होईपर्यंत तो आपल्या चहाला हात लावत नाही.