कपाटामागचं भोक

मिस्त्रींच्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी मिळेल की आधी भिंत दाखवली जाईल, याचा काही नेम नसे. दोन फूट जाडीची दगडी भिंत, स्वतःच्या हातांनी बांधलेली! "ऊन नाही, आवाज नाही, वारा तर नाहीच नाही. एक दगड हलवून दाखवा," म्हणत मिस्त्री तिच्यावर थाप मारत. पाहुणा बिचारा मान डोलवी. न डोलवून सांगतो कुणाला!

आता याच भिंतीने इंटरनेटही अडवलं होतं.

मिस्त्रींची लेक घरून, संगणकावर मुलांना गणित शिकवायची. इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत होता, पण तिथे आईचं शिलाई मशीन दिवसभर खडखडायचं, वर गिऱ्हाइकांची मापं. म्हणून लेक मागच्या खोलीत बसायची. ही खोली नंतर बांधलेली, तिचं दार अंगणातून, आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये ती भिंत. गणित सुटायच्या ऐन वेळी पडद्यावर लेकीचं तोंड उघडंच्या उघडं थिजायचं. क्लासवाल्यांकडून तक्रार आली. शेवटी तिने दोन तासांवरच्या शहरात एक खोली बघितली, आणि खोलीवाल्या बाईंना आज दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

इंटरनेटवाली सकाळपासून घरभर फिरत होती. हातातला छोटा डबा तिने खिडकीत ठेवला, उंबऱ्यावर ठेवला, अंगणात स्टुलावर चढवला. काही उपयोग नाही.

"काका, हा डबा ऐकू येईल तेवढंच पुढे सांगतो. त्यालाच काही ऐकू येत नाही, तर सांगणार काय कपाळ? भिंतीतून वायर न्यायची आणि पलीकडे दुसरा डबा बसवायचा, एवढाच इलाज." आणि तिने पिशवीतून ड्रिल काढलं.

"खबरदार!" मिस्त्री ओरडले. "आतला सगळा भराव हादरेल. खेळ वाटला का?"

"मग अंगणातून फिरवू. उन्हापावसात टिकणारी वायर मागवावी लागेल. तीन आठवडे."

लेकीने फोन उचलला. ती चिडली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी त्यांना हो म्हणते. येईन की सुट्टीला."

मिस्त्रींची नजर भिंतीकडे गेली. कारण ड्रिलची मुळी गरजच नव्हती, आणि हे घरात फक्त त्यांना ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

भिंत उंच गेली की वर उभं राहायला बांधलेल्या परांचीचे वासे भिंतीतच आरपार खोवतात. काम झालं की वासे काढायचे आणि भोकं दगड-चुन्याने पक्की बुजवायची. शेवटचं भोक राहिलं होतं तेव्हा निरोप आला, मुलगी झाली! मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी एकेक दगड नुसता कोंबला, वरून चुना फासला आणि धूम ठोकली. उद्या करू, उद्या करू म्हणता एकतीस वर्षं झाली. लोकांच्या कामातल्या फटी दाखवत गावभर मिरवलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"थांब," ते लेकीला म्हणाले. हातोडी घेऊन त्यांनी उगाचच इकडेतिकडे ठोकून पाहिलं, विचारात पडल्यासारखं केलं.

मशीन थांबलं. "अहो, कशाला नाटकं करताय?" बायको चष्म्यावरून बघत म्हणाली. "माझ्या कपाटामागे आहे ते."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. कपाट सरकवलं, दगड ओढला. तो सहज हातात आला, आणि मागोमाग घट्ट बांधलेला चिंध्यांचा बोळा.

"पाळण्यावर वारा यायचा," बायको म्हणाली. "बोळा कोंबला, कपाट लावलं. तुम्हाला सांगितलं असतं, तर आठ दिवस घशाखाली घास उतरला नसता तुमच्या."

"एकतीस वर्षं माझी बढाई ऐकत होतीस?"

"मग! मजा यायची."

लेक पोट धरून हसत सुटली. मिस्त्रींना लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. पलीकडचा दगडही त्यांनीच काढला. अर्ध्या तासात वायर आरपार गेली, तिकडे दुसऱ्या डब्याचे दिवे लागले. लेकीने तिथूनच आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तोंड उघडायचं, मिटायचं, कुठे म्हणून अडकत नव्हतं.

मिस्त्री घमेल्यात चुना कालवून आले. आता भोक कायमचं बुजवायचं. थापीवर पहिला गोळा घेतला, तेवढ्यात भोकातून आवाज आला, फोनमधला नव्हे, खराखुरा. "खोलीवाल्या बाईंना नाही म्हणून सांगितलं हो बाबा! आणि भूक लागलीय."

मिस्त्रींनी थापी घमेल्यात टाकली. चिंध्यांचा बोळा झटकला आणि वायरच्या शेजारी, सहज निघेल असा, सैलसर खोचून ठेवला.

"तास सुरू झाला की आत ढकलायचा," ते बायकोला म्हणाले. "जेवण झालं की काढून हाक मारायची."