चांद्याची जीभ

आमचा चांद्या लाकडाचा बैल आहे. चार चाकं, लाल झूल, एक शिंग जरा वाकडं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं दोरीने ओढत नेतात, तसाच. फरक एवढाच की तो टीव्हीवर चालतो आणि बोलतो. त्याच्या गोष्टी मी लिहिते. मी म्हणजे सुलोचनाबाई, समुद्रपूरची. त्याला आवाज माझ्या शेजारच्या आनंदाबाईचा होता. आता नाही, आणि ते का नाही हे मला सांगायचं आहे.

नालवाडीतल्या एका मास्तरांचा मुलगा, सुश्रुत, घराच्या वरच्या खोलीत कार्टून बनवायचा. अंगणवाडीत मी पोरांना सांगायचे त्या गोष्टी त्याच्या कानावर गेल्या आणि तो मागेच लागला, "काकू, लिहून द्या." लिहिणं मला उशिरा आलं, लेकरं मोठी झाल्यावर. त्यामुळे आधी बोलायचं आणि मग कागदावर उतरवायचं, ही माझी रीत. आनंदाबाईच्या बांगड्यांच्या दुकानात बसून मी एकेक वाक्य म्हणायचे. ती ते चांद्याच्या तोंडाने परत म्हणायची. तिला हसू आलं नाही तर वाक्य रद्द.

"असा कोणता बैल बोलते वं?" ती म्हणायची. "हा तं तहसीलदार बोलून राह्यला."

कार्टूनमध्ये आवाज आधी भरतात आणि चित्र नंतर काढतात, हे मला सुश्रुतच्या खोलीत कळलं. आनंदाबाई बोलत असताना तो मोबाइलवर तिचा चेहरा टिपायचा आणि त्यावरून बैल काढायचा. बोलण्याआधी चांद्या डावीकडे मान टाकून फुर्र करतो ना, ते तिचं आहे. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती अगदी तशीच करते.

चांद्या गावोगावच्या फोनवर चालला. एसटीत पोरं त्याची वाक्यं म्हणू लागली. मग मुंबईच्या एका कंपनीने तो घेतला आणि सुश्रुत पेढे घेऊन समुद्रपूरला आला. दुकानातच बसला.

"काकू, चांद्या आता टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रात दिसणार. फक्त आवाज बदलतोय. पियुष करणार. मालिकांमध्ये असतो बघा तो मुलगा. चेहरा ओळखीचा आहे."

"काऊन?" मी म्हटलं. "बैलाले त्याचा चेहरा लावून राह्यला का तू?"

"तसं नाही. कंपनीचं म्हणणं, हीरो शुद्ध बोलला पाहिजे. पण आपली बोली आपण सोडत नाही हं. आनंदामावशींसाठी नवीन पात्र आहे. गाढव."

आनंदाबाई बांगड्या दोरीत ओवत होती. ती थांबली नाही. "गाढव करते काय?"

"चुकतं. पडतं. मग सगळे हसतात."

"अन् बोलते कसं?"

सुश्रुतने चहाच्या कपात पाहिलं. "आपल्यासारखं."

माझं डोकं फिरलं. आजवर नाटकात बघा, टीव्हीवर बघा, आमच्या बोलीला काम एकच. वॉचमन, नोकर, नाहीतर येडा. आमच्यासारखं बोलूनही शहाणा असलेला हा एक बैल आम्ही उभा केला होता, तोही लाकडाचा! त्याची मान ठेवली, डोळे ठेवले, फुर्र ठेवलं आणि जीभ तेवढी काढून टाकली. आणि हे सांगायला आला कोण? ज्याने याच बोलीत आईला भाकर मागितली, तो.

"गाढव तूच होय," मी म्हटलं. "घेऊन जाय ते पेढे."

"राहू दे वं," आनंदाबाई म्हणाली. "पेढ्यायनं काय केलं?"

पण संध्याकाळी दुकानात एक पोरगी आली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "आजी, चांद्याले बोलव ना." तेव्हा आनंदाबाई म्हणाली, "तो गावाले गेला, बाई." आणि दिवा लावायला आत गेली. मी तिच्याबरोबर कितीतरी वर्षं बसते आहे. पोराला नाही म्हणताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याला कंपनीने नालवाडीच्या मैदानावर कार्यक्रम ठेवला. स्टेजवर पियुष येणार, पोरांनी लाकडी बैल सजवून आणायचे. कंपनीच्या ऋचा मॅडमना कोणीतरी सांगितलं होतं की इकडे पोळ्यात झडत्या म्हणतात. त्यांना वाटलं ते बडबडगीत असेल. झडती म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. पोळ्यात कोणीही उभं राहावं आणि सावकाराला, पुढाऱ्याला, शेजाऱ्याला यमक जुळवून टोचावं. जमलेल्या लोकांनी 'हर हर महादेव'ची साथ द्यावी. म्हणणाऱ्याने आणि ज्याच्यावर झडली त्याने त्या एका दिवशी एकमेकांवर राग धरायचा नाही. सुश्रुतला हे माहीत होतं. तो मॅडमना काही बोलला नाही. कंपनीपुढे बोलणं त्याने सोडूनच दिलं होतं.

आम्ही दोघी नातवंडांसोबत गेलतो. पियुषने झडती म्हणून एक कविता म्हटली, चांद्या माझा गोड गोड, अशी काहीतरी. मुलगा चांगला होता, मन लावून म्हणत होता. पोरांनी टाळ्या दिल्या, महादेवाचं नाव मात्र कोणी घेतलं नाही.

ऋचा मॅडम माइकवर म्हणाल्या, "वा! अजून कोणाला म्हणायचीय का झडती?"

आनंदाबाई उठली. मला वाटलं पाणी प्यायला चालली. ती सरळ स्टेजवर चढली, माइकपुढे उभी राहिली, डावीकडे मान टाकली आणि फुर्र केलं.

मग पुढून एक पोरगी ओरडली, "चांद्या!"

आणि चांद्या बोलला.

"लाकडाच्या बैलाले चाकं लावली चार,
बोलाले शिकवलं आमी, धनी झाले फार!
बैल नेला शेहरात, शिंगाले सोन्याचा वर्ख,
जीभ ठेवली मांगं, म्हणे पडते काय फर्क?
आमच्या बोलीले हासता, आमच्याच दारी येता,
पोळा आमचा, पोरं आमचे, टाळ्या कशा नेता?"

"हर बोला हर हर महादेव!" असं मैदान गरजलं की लाकडी बैलांच्या गळ्यातल्या घंट्या हलल्या असतील. ऋचा मॅडमही हसत टाळ्या वाजवत होत्या. त्या का थांबल्या ते मी पाहिलं. शेजारच्या बाईने त्यांना अर्थ सांगितला.

आनंदाबाई खाली उतरत असताना पियुष तिच्याजवळ आला. "आजी, ते फुर्र कसं करता?"

"नाकातून नाई रे बाप्पा, पोटातून," तिने करून दाखवलं. पोराचा काय दोष?

ती झडती फोनवरून गावोगाव फिरली. मग सुश्रुतचा फोन आला, आवाजात आनंद.

"काकू, कंपनीला झडती फार आवडली! पुढच्या भागात घेऊ. पियुष म्हणेल."

मी फोन ठेवून दिला आणि पुढचा भाग लिहून पाठवला. त्यात गाढव नाही. कोंबडी बोलते, सुतार बोलतो, पाऊससुद्धा बोलतो. चांद्यासाठी जागोजागी लिहिलं आहे: चांद्या मान डावीकडे टाकतो आणि गप्प राहतो.

पुन्हा फोन. "काकू, चांद्याचं एकही वाक्य नाही!"

"नाई."

"मग पियुषने काय करायचं?"

"त्याच्या आईसंग पोळा पाहाले येजो म्हण. चांद्याची जीभ इथंच आहे, बांगड्याच्या दुकानात. पाह्यजे असन तं तिले मागजो."

"कंपनी दुसरा लेखक घेईल."

"घेऊ दे. बैल गप्प काऊन झाला, हे त्याले पोरायले सांगा लागन."

तेव्हा त्याच फोनवर, कितीतरी दिवसांनी, त्याच्या तोंडून घरची बोली आली.

"काकू, तुमी अजून माह्यावर रागावून राह्यल्या का? पोळ्याचा राग धरत नसतेत ना."

"पोळा होऊन गेला, बाबू," मी म्हटलं.