सत्तेचाळीस नंबरची बाटली

मी एक जुनी बाटली आहे. कसली, ते लपवणार नाही. मी बिअरची बाटली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या जन्माची मोठी गोड कहाणी सांगतात, असा तुमचा अनुभव असेल. माझी तशी नाही. ऐकायची तर ऐका, नाहीतर पान उलटा.

एकोणीसशे शहात्तर साली वाळू आणि फुटक्या काचा भट्टीत वितळवून मला घडवलं. तपकिरी अंग, अरुंद मान, जाड तळ. माझ्यासारख्या हजारो जणी एकाच साच्यातून निघाल्या. आमच्यातली ही कोणती आणि ती कोणती, हे कुणालाही सांगता आलं नसतं. आम्हालासुद्धा नाही.

माझ्यातली बिअर कुणीतरी एका संध्याकाळी संपवली. पुढं मी भंगारवाल्याच्या हातात पडले आणि तिथून खाडीकाठच्या तिवरांत गेले. तिथं हातभट्टी लागायची. त्या दारूला स्वतःची बाटली नसते, ती आमच्यासारख्यांच्या पोटात बसून हिंडते. सहा वर्षं मी हेच काम केलं. कितीतरी घरांत गेले. घरं मला सारखीच दिसली. एक माणूस बोलत सुटलेला आणि बाकीची सगळी गप्प.

यात माझा काय दोष, असं म्हणायची मला सोय आहे. मी म्हणत नाही. मी नसते तर ती दारू लोकांनी काय ओंजळीतून घरी नेली असती?

ब्याऐंशीच्या डिसेंबरात मी पुन्हा भंगारातून फिरत तुर्भ्याच्या एका परमिट रूमच्या मागच्या अंगणात रिकामी पडले होते. तिथं दोन गोणपाटाची पोती काखेत मारून एक किडकिडीत माणूस आला. कमळाकर पाटणकर त्याचं नाव. मूळचा कोकणातला, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. सोड्याच्या बाटलीलाही लांबून नमस्कार करणारा. आत शिरताना त्यानं तीनदा मागं वळून पाहिलं.

"किती देऊ?" गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं.

"दोनशे. रिकाम्या."

"रिकाम्या? साहेब, लोक भरलेल्या नेतात आणि रिकाम्या आणून देतात. तुमचं उलटंच काय?"

"गुलाबांचं प्रदर्शन आहे आमचं."

"आता गुलाब पण प्यायला लागले?"

"उभे करायचेत हो! एका बाटलीत एक फूल."

गल्ल्यावरचा माणूस इतका हसला की त्यानं वर दहा बाटल्या फुकट दिल्या. कमळाकर टेम्पोतून आम्हाला वाशीला घेऊन गेला तेव्हा अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. शेजारीण त्याच्या बायकोला म्हणाली, "मीनावहिनी, पोती भरभरून आणली हो भाऊजींनी!"

मीनावहिनीनं मान वर न करता उत्तर दिलं, "दोनशे दहा आहेत. मोजून घ्या हवं तर."

पुढचे तीन रविवार कमळाकरच्या गुलाब मंडळाची माणसं बिल्डिंगच्या हौदाशी बसून आम्हाला धूत होती. सोडा, चुलीची राख, गरम पाणी. लेबलं नखांनी खरवडली. ते हात चालत होते आणि तोंडंही चालत होती. गुलाब मंडळाची सगळी हकिकत मी त्या हौदात ऐकली.

मंडळ अठ्ठ्याहत्तर साली अकरा जणांनी काढलं. मुंबईतून, कोकणातून, देशावरून फ्लॅटमध्ये राहायला आलेले हे लोक. हौसेनं गुलाब लावले आणि महिन्याभरात पानांच्या कडा करपून गेल्या. औषधं झाली, फवारे झाले. शेवटी जवळच्या बोनकोडे गावातून गंगाराम शेणखत घेऊन आला होता, तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ही मिठाची जमीन हाय, सायेब. हिला आदी गोडं पानी पाजा, मंग फुला मागा." ज्यांची भातखाचरं आणि मिठागरं जाऊन या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना विचारायचं एवढ्या शिकलेल्या लोकांना सुचलं नव्हतं. पण कळल्यावर त्यांनी कान धरले, हेही खरं. गंगाराम मंडळाचा पहिला मानाचा सभासद झाला. मग खाऱ्या मातीत चर खणले, डोंगराकडची लाल माती आणली, निंबोळी पेंड आणली, आणि गुलाब उभे राहिले.

त्यांचा एक नियम मला फार आवडला. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करावी लागते. स्वतःच्या झाडावर कात्री चालवायला माणसाचा हात धजत नाही. अजून एक कळी आहे, अजून आठ दिवस राहू दे, असं करत झाड वाया जातं. म्हणून मंडळात ठरलं की छाटणी दुसऱ्याच्या झाडाची करायची. मालकानं त्या वेळी आत बसून चहा घ्यायचा. कचेरीत वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांचा पेनही न वापरणारे हे लोक आपली झाडं असे बिनधास्त दुसऱ्याच्या हाती देत. कुणाच्या झाडाला भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, आली तर घरातलं माणूस आजारी पडल्यासारखे चौकशीला जात.

मंडळाच्या अध्यक्ष होत्या वैजयंतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा की हौदातलं पाणी हलायचं. आणि मंडळात सगळ्यात तरबेज हात होता केशरबाईचा. केशरबाई बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून नवऱ्याबरोबर आली. याच इमारतींच्या मजल्यांवर तिनं डोक्यावरून घमेली चढवली. पुढं ती सेक्टरच्या बागेत रोजंदारीवर लागली. तिची मुलगी सुमेधा कमळाकरच्या कचेरीत टायपिस्ट. त्या ओळखीनं केशरबाई मंडळात आली आणि पहिल्या दिवशी दाराजवळ खाली बसली. वैजयंतीबाई म्हणाल्या, "केशरबाई, खुर्ची रिकामी आहे. आणि मला मान खाली घालून बोलायचा कंटाळा आहे." केशरबाई खुर्चीवर बसली ती कायमची. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरावा तर तिनंच. दहांतले नऊ धरायचे. वैजयंतीबाईंचे चार धरायचे, आणि त्या स्वतःच तसं सांगायच्या.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत मंडळाचं पहिलं प्रदर्शन भरवायचं असं आधीच ठरलं होतं. तेव्हा वैजयंतीबाईंनी एक नियम केला. प्रत्येकाचं फूल मंडळाच्या एकसारख्या बाटलीतच उभं राहील. "एक जण कटग्लासचा फ्लॉवरपॉट आणेल, दुसरा डालड्याचा डबा. परीक्षक फूल बघेल की भांडं?" नियम चांगल्या मनानं केला होता. गरिबाचं फूल भांड्यामुळं मागं पडू नये, एवढाच त्यांचा हेतू.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, समाजमंदिरात पत्र्याच्या टेबलांवर आम्हाला मांडत होते. अंगाला हिरवा ऑइलपेंट, गळ्यात नंबराची चिठ्ठी. मी सत्तेचाळीस. माझ्यात केशरबाईचा लाल ग्लॅडिएटर उभा राहणार होता. तो गुलाब तिनं स्वतः डोळा भरून तयार केला होता आणि पहिलं बक्षीस त्यालाच, असं सगळे धरून चालले होते. मित्रांनो, सहा वर्षांत मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं. ते फूल एक दिवस धरायला मिळावं.

टण्, टण्, टण्. एकेक बाटली पत्र्यावर टेकत होती. धुण्याच्या तिन्ही रविवारी केशरबाई बागेच्या कामावर होती. आता ती खताची पाटी बाहेर ठेवून दारात आली आणि तिथंच थांबली.

"या, या," कमळाकर खुशीत म्हणाला. "कशा दिसतात?"

"कुटल्या ह्या?"

"परमिट रूममधल्या. पण तीनदा धुतल्यात हो! वास घेऊन बघा."

"वासाचं न्हाई म्हनत मी." ती आत आली नाही. "माझं फूल ह्यात न्हाई लावायचं."

"आई, काच आहे ती," सुमेधा म्हणाली. "नुसती काच."

"तुला काय म्हाईत? तू झोपलेली असायचीस. न्हाईतर झोपल्याचं सोंग करायचीस."

सुमेधा बाटल्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या सरळ करू लागली.

केशरबाई सगळ्यांसमोर, आवाज न चढवता बोलली. "हिचा बाप खाली फरशीवर बाटली ठेवायचा. त्या आवाजावरनं मला कळायचं, भरल्याली हाय का सरली. सरली असली की मी पोरीला उठवायची आन् भाईर जाऊन बसायची. आठ वर्सं. मानूस जाऊन तीन वर्सं झाली. आवाज न्हाई गेला."

कमळाकरच्या हातात बाटली होती. ती खाली ठेवायची की नाही हे त्याला कळेना.

"केशरबाई," वैजयंतीबाई म्हणाल्या, "मला समजतंय. पण नियम सगळ्यांना सारखा आहे. आणि खरं सांगू का, तो तुमच्यासारख्यांसाठीच केलाय."

"माझ्यासाटी केला असता, बाई, तर मला इचारलं असतं."

केशरबाई निघून गेली. खत मात्र पायरीजवळ व्यवस्थित लावून ठेवलं तिनं.

तिच्या घरात गेलेली बाटली मी होते का? मला माहीत नाही. नव्हते, असं शपथेवर सांगू शकत नाही, आणि मित्रांनो, माझी खरी गोष्ट एवढीच आहे. सगळे म्हणत होते, धुतली की झाली स्वच्छ. धुतल्यानं बाटली स्वच्छ होते. त्या बाईचे कान कोण धुणार होतं?

रविवारी सकाळी फुलं आली. तांबडी, पिवळी, दुरंगी. कळी वेळेआधी उमलू नये म्हणून काहींनी लोकरीचा धागा बांधून आणला होता, तो हलक्या हातानं सोडत होते. माझ्या दोन्ही बाजू भरल्या. मी रिकामी. दहाला परीक्षक यायचे होते. पावणेदहाला कमळाकर दाराकडं बघून पुटपुटला, "नाही येत त्या."

ती आली. हातात स्टीलचा पेला, त्यात तो ग्लॅडिएटर. असा लाल की शेजारची लाल फुलं धुवट वाटावीत.

"ह्यात मी पानी पिते," ती म्हणाली. "आनलंय."

वैजयंतीबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नियम त्यांचा, सभागृह त्यांचं. "स्पर्धेत धरता येणार नाही, केशरबाई. दोनशे लोकांना एक नियम सांगून मी आज सकाळी तो मोडू शकत नाही."

"बक्षीस कुनाला पायजे? लोकांनी बघावं म्हनून आनलंय."

"मग जागा तुमचीच आहे." असं म्हणून वैजयंतीबाईंनी स्वतः मला मानेला धरून उचललं, टेबलाखाली ठेवलं आणि माझ्या जागी तो पेला मांडला. मला खाली ठेवताना त्यांनी दुसरा हात तळाशी धरला. आवाज झाला नाही.

उरलेला दिवस मी पायच पाहिले. बूट, चपला, पैंजण, एक अनवाणी जोडी. पाय येत होते, सरकत होते आणि माझ्या पुढ्यात येऊन थांबत होते. प्रत्येक पाय थांबला.

"याला नंबर का नाही गं?"

"नंबराचं काय घेऊन बसलीस? फूल बघ ना!"

फूल कसं दिसलं ते मला विचारू नका. पाय किती वेळ थांबले ते विचारा.

पहिलं बक्षीस वैजयंतीबाईंच्या पिवळ्या फुलाला मिळालं. त्यांनी ते घेतलं. केशरबाईला देऊन टाकते वगैरे नाटक केलं नाही. खोटं औदार्य त्यांना जमत नव्हतं आणि केशरबाईला ते चाललंही नसतं.

फेब्रुवारीची बैठक कमळाकरच्या घरी झाली. आम्ही पोत्यांत, गॅलरीत. चहा झाल्यावर कमळाकर उठला. बैठकीत कधी न उठणारा माणूस. म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून बाटल्या नकोत. प्रत्येकानं आपल्या घरचा साधा स्टीलचा पेला आणावा."

"अरे, एवढ्या धुतल्या, रंगवल्या! वाया?" कुणीतरी ओरडलं.

"मीच धुतल्यात. मीच आणल्यात. बायकोला तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती मी," कमळाकर म्हणाला. लोक हसले. तो नाही हसला. "तरी नकोत."

वैजयंतीबाई केशरबाईकडं वळल्या. "या वेळी विचारते. पेला चालेल?"

"चालंल की."

ठराव तिथंच झाला. पुढच्या वर्षी केशरबाईच्या गुलाबाला दुसरं बक्षीस मिळालं असं ऐकलं. पहिलं का नाही, ते परीक्षकांना विचारा. मी तिथं नव्हते.

आता आम्ही सेक्टरच्या बागेत आहोत. गुलाबाच्या वाफ्यांना कड म्हणून कमळाकरनं आम्हाला मान खाली करून मातीत पुरलं. आधी केशरबाईची परवानगी घेतली. ती म्हणाली, "पुरा. पन माझ्या हातनं न्हाई." म्हणून दोनशे दहा बाटल्या त्यानं एकट्यानं पुरल्या. केशरबाई रोज पाणी घालायला येते. माझ्याकडं बघत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. नळीची धार मात्र ती माझ्यावरूनच पुढं नेते, कारण मुळं तिथंच आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. काच फुटली तर नवी होते. पण तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, एखादं माणूस एखाद्या वस्तूला हात लावायला नाही म्हणालं, तर ती किती स्वच्छ आहे हे त्याला पटवत बसू नका. त्याला हसू नका. उठा आणि दुसरं भांडं शोधा. आणि ते कोणतं हवं, हे आधी त्या माणसालाच विचारा.