गुलाब मंझिलचा कोरा छज्जा

अलीगंजच्या हरिहर खांबेट्यांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर लखनौच्या जुन्या इमारती जलरंगात रंगवायला घेतल्या, आणि इमारतींनी पडायला घेतलं. त्यात त्यांचा दोष नव्हता. शहराच्या वारसा समितीने एक अत्यंत हळवा नियम केला होता: जुनी इमारत पाडण्याआधी तिचं हाताने काढलेलं चित्र जमा करायचं. चित्र आलं की इमारत जतन झाली. आणि एकदा जतन झालेली इमारत पाडायला कुणाची हरकत असणार?

अशा एकवीस इमारती खांबेट्यांनी जतन केल्या. तिथे आता उत्तम पार्किंग आहे.

बाविसावी अमीनाबादेतली गुलाब मंझिल. तिच्या तळाला इंद्रजित श्रीवास्तवांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. चित्र सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी इंद्रजितनी चहा मागवला, स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली आणि म्हणाले, "खांबेटे साहब, एक गुज़ारिश है। तस्वीर पूरी मत कीजिए। जिस दिन ये पूरी, उस दिन हम सड़क पर।"

खांबेट्यांना नियम पाठ होता. त्याचा अर्थ मात्र आजवर कुणी खुर्ची पुसून सांगितला नव्हता.

घरी त्यांनी लताबाईंना विचारलं, "अगं, अर्धवट चित्र ठेवायचं म्हणजे..."

"त्यात काय अवघड आहे? स्वयंपाकघरातलं शेल्फ नऊ वर्षं ठेवलंयत की अर्धवट. हेही जमेल."

जमलं. उजवीकडचा नक्षीदार लाकडी छज्जा तेवढा कोरा ठेवून खांबेटे चौदा महिने रोज तिथे जाऊन बसले. बिल्डरचा माणूस मयूर विचारायला आला की कधी ऊन चुकीच्या बाजूला असायचं, कधी कागद दमट. समितीने तीनदा मुदतवाढ दिली. अर्धवट जतन नियमात बसत नव्हतं.

पंधराव्या महिन्यात मयूर रागावला नाही. उलट फार आपुलकीने शेजारी बसला.

"सर, बुरा मत मानिए। सब कह रहे हैं, छज्जे की नक्काशी आपसे बनती नहीं। उम्र भी तो हुई है, हाथ काँपता होगा।"

"कोण म्हणतं?"

"छोड़िए ना। कानपुर में एक आर्टिस्ट हैं, छज्जे कमाल के बनाते हैं। दो-चार दिन जाकर सीख लीजिए।"

"कानपूर?" खांबेटे म्हणाले.

दुपारी साडेतीनपर्यंत छज्जा झाला. प्रत्येक कमान, प्रत्येक पान, कबुतरांनी केलेल्या घाणीसकट. हात कणभर हलला नव्हता. मयूरने चित्र वाळायच्या आत फोटो काढून पाठवला. साधं पत्र उघडायला महिना घेणारी समिती अकरा मिनिटांत समाधानी झाली.

मयूर गेल्यावर इंद्रजित दुकानाबाहेर आले. खांबेटे उठून उभे राहिले. "इंद्रजितजी, वो मैं... हो गया।"

इंद्रजितनी डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून चित्र जवळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वाह। हूबहू।" मग भिंग काढून अदबीने म्हणाले, "बस, एक तकलीफ़ और। दुकान का बोर्ड ज़रा साफ़ लिख दीजिए। अब ग्राहक हमें यहीं ढूँढ़ेंगे।"

खांबेट्यांनी सगळ्यात बारीक ब्रश काढला. इंद्रजित मागे उभे राहून एकेक अक्षर सांगत होते, फोन नंबरसकट.