आईला कोणी विचारलं?

घरमालकाने भाडं पुन्हा वाढवलं आणि फ्रिज, शीतयंत्रं दुरुस्त करणारा एक कारागीर पुन्हा हिशेब मांडून बसला. आपल्यापैकी कितीजणांना हा हिशेब ठाऊक आहे! पगार मुंगीच्या पावलांनी वाढतो आणि भाडं घोड्यासारखं दौडतं.

शेजारच्या राज्यात, शेतांच्या मधोमध असलेल्या एका दूध डेअरीत त्याला काम मिळत होतं. राहायला फुकट खोल्याही होत्या. नवरा-बायको स्वयंपाकघराचं दार लोटून, नळ सोडून त्याबद्दल कुजबुजत. बाहेर बसलेल्या आईच्या कानावर जाऊ नये म्हणून!

"आणि आईंचं डायलिसिस?" बायकोने एकदा विचारलंच. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास आईचं रक्त यंत्रातून शुद्ध करावं लागे.

"तिकडे गेल्यावर बघू. आत्ता तिला काही सांगू नकोस, उगीच घाबरेल."

खरं तर घाबरला होता तोच. तिकडे हे यंत्र कुठे आहे, हे विचारायचंही त्याला धाडस होत नव्हतं. उत्तर वाईट आलं तर?

एका मंगळवारी दुपारी तो कामावर असताना डायलिसिस विभागातल्या सिस्टरचा फोन आला. "दादा, आई ठीक आहेत. पण तुम्ही लगेच या."

तो धापा टाकत पोचला. सिस्टरने त्याला बाजूला घेतलं. "तुमच्या आईंनी आज मला विचारलं, 'हे बंद केलं तर माणूस किती दिवस काढतो? महिनाअखेरीच्या आत आटपेल का?'"

महिनाअखेरीलाच तर त्याला डेअरीला होकार कळवायचा होता!

"तिला हे सांगितलं कोणी?"

"कोणीच नाही, तिथेच तर चुकलं!" सिस्टर म्हणाली. "अर्धवट कानावर आलं की माणूस उरलेलं मनाने रचतो, आणि वाईटच रचतो. तुम्ही दार लावून कुजबुजत होतात, असं त्याच म्हणाल्या; भीती बाहेर त्यांच्याजवळ बसून राहिली."

"पण विचारलं असतं आणि ती नाही म्हणाली असती तर?"

"तर ते 'नाही' ऐकून घ्यायचं. चार दिवस घरात चिडचिड झाली असती. आता काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा."

तो आईच्या खाटेजवळ गेला.

आई नळ्या जोडून पडली होती. हात गार लागला. "आई, असं का विचारलंस गं?"

ती छताकडे बघत म्हणाली, "काय न्यायचं, काय टाकायचं, तुमचं चाललं होतं. म्हटलं, जड सामान आपणहून कमी झालेलं बरं."

"आई!" त्याला हुंदका आवरेना. "इथे राहायची भीती वाटते, तिकडे जायची वाटते. तुला विचारायची तर सगळ्यात जास्त."

"मग आधी बोलायचंस की रे गाढवा! मला काय मरायची हौस आहे? यंत्र असेल तिथे मी येईन. नसेल तिथे नाही येणार."

रविवारी तिघं एका टेबलाशी बसली. बायकोने फोन फिरवले. डेअरीच्या गावात यंत्र नव्हतं; तासाभरावरच्या मोठ्या गावात होतं. मग तिघांनी तिथे जाऊन ते बघितलं. आईने तंत्रज्ञाला इतके प्रश्न विचारले, की बिचाऱ्याला घाम फुटला! शेवटी खोल्या त्या मोठ्या गावातच घेतल्या. भाडं होतं, पण झेपणारं. तो बसने डेअरीत जाऊ लागला.

भीती मात्र सरली नाही. वीज गेली की तिघांच्याही काळजात धस्स होतं. पण आता कोणीतरी पटकन म्हणतं, "मला भीती वाटतेय," आणि दुसरं जवळ सरकून बसतं.

वाचकहो, परवडत नसेल तर खुशाल गाव सोडा. त्यात कमीपणा नाही. पण ज्यांचा जीव त्या निर्णयावर टांगलेला आहे, त्यांना आधी विचारा. त्यांच्या काळजीपोटी आपण गप्प आहोत, अशी स्वतःची समजूत घालू नका. बहुतेकदा आपल्याला त्यांच्या उत्तराचीच भीती वाटत असते.