हद्दीच्या दगडाला लावलेला कौल

ज्या वर्षी लवू परबाची मुलगी कुंदा जन्मली, त्याच वर्षी माझ्यापुढे पहिला नारळ फुटला. ते साल एकोणीसशे चौपन्न. मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मुलुंडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर करंजाच्या झाडाखाली मी अर्धा जमिनीत आणि अर्धा जमिनीवर उभा आहे. देव मी कधीच नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा मला ते कुणालाच सांगता आले नाही.

माझा जन्म त्याच खाणीतला. पाथरवटांनी मला काळ्या खडकातून सुटे केले, टाकीने चारही बाजूंनी तासले आणि एका बाजूवर अक्षरे खोदली. मला ती वाचता येत नव्हती. आपल्याच अंगावर काय लिहिले आहे हे न कळता मी वीस वर्षे उभा राहिलो. पावसाळा संपला की खाणमालकाचा माणूस हद्दीवरून फिरत येई, माझ्या डोक्यावर चुन्याचा ठिपका देई आणि पुढच्या दगडाकडे जाई. तेवढाच माझा मान.

तेव्हा खाण जोरात चालत असे. पाथरवटांसाठी मालकांनी वीस खोल्यांची चाळ बांधली होती. पुढे खाणीच्या तळाला पाणी लागले. एका पावसाळ्यात ते इतके चढले की शिड्या, घण, पहारी सगळे बुडाले. उपसावे तितके पाणी पुन्हा भरे. अखेर मालकांनी नाद सोडला. माहुलला तेलाचे कारखाने उभे राहत होते, तिकडे पाथरवट कामाला गेले. जाताना त्यांनी दारांना कड्याही घातल्या नाहीत. वाऱ्याने ती दारे उघडत आणि मिटत, जणू आत कुणाची ये-जा चालू आहे. एका खोलीत दोरीवर सदरा वाळत घातलेला होता. तो न्यायला कुणी आले नाही. दोन वर्षे तो तिथेच हात पसरून लोंबत होता.

त्याच दिवसांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, खाणीच्या पाण्याखाली कुणीतरी टाकीने दगड घडवीत असल्यासारखा. तीन घाव, मग जरा थांबून एक. आम्हा दगडांना आवाज अंगातून कळतो, म्हणून तो माझा भास नव्हता. मी घाबरलो. दगडही घाबरतो, मित्रांनो. फक्त त्याला पळता येत नाही.

मग नवी माणसे आली. गिरणीतून कमी केलेली, शहरात खोली न मिळालेली. रिकाम्या चाळीतल्या खोल्या मागेल त्याला मिळत होत्या. विहिरीची वाट माझ्यापुढून जात असल्यामुळे येणारे-जाणारे सगळेच करंजाखाली टेकत आणि या जागेविषयी आपले मत देत.

पहिले आले श्यामकांत. फोर्टातल्या एका कचेरीत ते कारकून होते. गिरगावात भावाच्या बिऱ्हाडात दाटीने राहून कंटाळले होते. ते छाती भरून श्वास घेत म्हणाले, "हवा बघ, वसुधा. लोक अशा हवेसाठी महाबळेश्वरला जातात."

त्यांची बायको वसुधाबाई म्हणाली, "हवा आहे हो. पण माणसं कुठायत? दूधवाला येत नाही, भाजीवाला येत नाही. कावळासुद्धा घटकाभर बसून कंटाळून उडून जातो."

त्यांच्यामागून परळच्या गिरणीतून सुटलेला जयवंत घाडी आणि त्याची बायको सुगंधा आली. ही दोघे मालवणकडची. सुगंधाने डोक्यावरचे बोचके माझ्यावरच ठेवले.

"हय पोटाक काय हवाच खावूची?" ती म्हणाली. "काम नाय, बाजार नाय. ह्या काय गाव म्हणायचा?"

"गप गो. गिरणीच्या भोंग्यार उठत होतंस, आता कोंबड्यार उठ."

"कोंबडो खंय आसा?"

जयवंतने चारी बाजूंना पाहिले आणि बोचके उचलून तो चाळीकडे चालू लागला.

शेवटी लवू परब आला. तोही त्याच गिरणीतला. बरोबर बायको रत्नप्रभा आणि तिच्या कुशीत दोन महिन्यांची कुंदा. एका ठेकेदाराने खाणीच्या कोरड्या कडेला रस्त्याची खडी फोडण्याचे काम धरले होते. आसपास तेवढाच रोजगार होता आणि लवूने तो धरला. त्याचे मत सगळ्यांहून वेगळे होते. "माका ह्या बरा वाटता," तो म्हणे. "हयसून माका कोण हाकलूक येवचो नाय." रत्नप्रभा काही बोलत नसे. ती खाणीच्या पाण्याकडे पाठ करून बसे.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. श्यामकांत म्हणाले, लवूच्या घणाचा प्रतिध्वनी असेल. पण लवू तेव्हा त्यांच्याशेजारीच भाकरी खात बसला होता. जयवंतने मात्र मान हलवली. कोकणात नव्या जागी राहायला गेले की त्या जागेच्या राखणदाराला नारळ देऊन सांगायचे असते. जयवंत घाड्यांच्या घरातला. गावात गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराकडे होता.

"आपण इलंव आणि ज्येची जागा त्येका इचारलाच नाय," तो म्हणाला. "म्हणान तो हाक मारता."

मग राखणदाराचा शोध सुरू झाला. झाडाखाली उभा, काळा, कुणीतरी मुद्दाम रोवल्यासारखा, डोक्यावर चुन्याची जुनी खूण. त्यांना मी सापडलो. त्यांनी मला धुतले, तेल लावले आणि वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला. माझी अक्षरे शेंदराने भरून गेली.

श्यामकांत तिथेच उभे होते. शेंदूर लागायच्या आधी त्यांनी ती अक्षरे वाचली होती. वाचताना त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. ते जरासे हसले आणि बोलले काहीच नाही.

जयवंतने नारळ हातात धरून गाऱ्हाणे घातले. "बा राखणदारा, ही लेकरां पोटासाठी तुझ्या जाग्यार इली हत. काय चुकला असात ता पदरात घे. ह्येंची राखण कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आणि खाणीतून आवाज आला. तीन घाव, मग एक.

जयवंतचा चेहरा उजळला. "आयकलास? त्येणी मान्य केल्यान."

खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. वीस वर्षे पाऊस खाल्लेल्या दगडाला कुणी फूल वाहिले तर तो विरघळतो. बायका विहिरीवरून येताना मला सगळे सांगत. इथले पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. इथे रात्री ट्रामची घरघर नाही म्हणून झोप लागत नाही. इथल्या रिकाम्या खोल्यांत कुणीतरी झाडू मारल्यासारखे वाटते. इथे शेजारी मात्र चांगले मिळाले. हे सगळे मी ऐकत असे आणि माझ्या अंगावर शेंदराचे थर चढत होते.

तिसऱ्या वर्षी लवू खोकू लागला. खडीची धूळ त्याच्या भुवयांवर, केसांवर, पापण्यांवर बसलेली असे. कामावरून येताना तो एखाद्या जुन्या पुतळ्यासारखा दिसे. कुंदा त्याला ओळखत नसे, तोंड धुतल्यावरच त्याच्याकडे जाई. मी खाणीतलाच. ती धूळ म्हणजे माझेच पीठ. ते माणसाच्या छातीत जाऊन काय करते, हे मी जुन्या पाथरवटांच्या खोकल्यावरून ओळखत होतो.

त्याच सुमारास कुडाळहून रत्नप्रभाच्या भावाचे, नंदकुमारचे पत्र आले. ते श्यामकांतांनी करंजाखाली बसून वाचून दाखवले. भावाने लिहिले होते की वडील थकले, शेत एकट्याला होत नाही, तुम्ही दोघे मुलीला घेऊन या, चार घास सगळ्यांना पुरतील.

"आपण जावया," रत्नप्रभा म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"बायकोच्या म्हायेराक ऱ्हवाक जावू?" लवू म्हणाला. "लोक काय म्हणतले?"

"लोक खोकतत काय तुमच्यासाठी?"

लवू हसू लागला आणि हसता हसता त्याला ढास लागली. ती थांबल्यावर जयवंत म्हणाला, "भांडताय कित्याक? राखणदाराक कौल लावया. तो सांगात ता करा."

कौल म्हणजे काय ते तुम्हांला सांगतो. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली पाकळी चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. जी पाकळी आधी पडेल ते देवाचे उत्तर. जयवंतने जास्वंदीच्या दोन पाकळ्या माझ्यावर लावल्या. उजवी पडली तर राहायचे. डावी पडली तर गावाला जायचे.

सगळे हात जोडून उभे राहिले. श्यामकांतही होते. पत्राची घडी त्यांच्या हातात होती. त्यांनी एकदा तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

मित्रांनो, डावी पाकळी पडावी म्हणून मी काय केले असते ते मलाच ठाऊक. माझ्यात जेवढे बळ होते तेवढे मी त्या बाजूला लोटले. पण दगडाचे बळ उभे राहण्यापुरतेच असते. दुपारची वेळ होती. करंजाचे पान हलत नव्हते. डावी पाकळी उन्हाने सुकून सैल होऊ लागली होती, तिचा काठ सुटला होता. तेवढ्यात माझ्या पायाखाली घाव पडला. एक. दोन. तीन. मग शांतता. चौथा घाव पडला आणि उजवी पाकळी गळाली.

ती कुणी पाडली मला माहीत नाही. मी पाडली नाही, एवढेच सांगू शकतो.

"ऱ्हवा म्हणता," जयवंत म्हणाला.

रत्नप्रभाने ती पाकळी उचलून कपाळाला लावली. लवू दुसऱ्या दिवशी खडी फोडायला गेला.

पुढच्या वर्षी वसुधाबाईंनी चाळीतल्या एका रिकाम्या खोलीत दुपारचा वर्ग काढला. ज्यांना अक्षरओळख नाही अशा बायकांना त्या शिकवीत. रत्नप्रभा रोज जाई. भावाला आपल्या हाताने पत्र लिहायचे तिच्या मनात होते. पाणी भरून येताना ती करंजाखाली बसे आणि काडीने मातीत अक्षरे काढी. त्या अक्षरांतली काही आपल्या अंगावरही आहेत, हे मला तेव्हा कळले नाही. मी आजवर स्वतःला पाहिलेले नाही.

लवूला आता कामावर जाववत नव्हते. त्याला सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की दगडाची धूळ छातीत बसली आहे, वर्षभर आधी त्या धुळीतून निघायला हवे होते.

दसऱ्याच्या सकाळी रत्नप्रभा मला नवा शेंदूर लावायला आली. जुन्या थरांचे पापुद्रे सुटले होते. ते नीट निघावेत म्हणून ती कोयत्याने खरवडू लागली. एक मोठा पापुद्रा निघाला आणि तिचा हात थांबला. तिने पदराने दगड पुसला. मग बोट ठेवून, वर्गात वाचावे तसे, सावकाश वाचले.

"ह... द्द. हद्द. नंबर... चौदा."

तिने ते तीनदा वाचले. माझे नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. मग ती माझ्यापासून दोन पावले मागे सरली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे खाणीतले घावही मला बरे वाटले असते.

श्यामकांत आपट्याची पाने घेऊन चाळीकडे चालले होते. तिने त्यांना हाक मारली.

"भाऊजी, ह्या तुमका म्हायत होता?"

त्यांनी अक्षरांकडे पाहिले. "हो, वहिनी. पहिल्या दिवसापासून."

"मगे बोललात नाय?"

"मला वाटलं, तुम्हा लोकांना नव्या जागी धीर येतोय. कशाला मोडायचा?"

"धीर गावाक गेल्यारय इलो असतो," ती म्हणाली. "ह्येंची छाती आता खंयसून आणू?"

श्यामकांतांच्या हातातली पाने खाली पडली. ती त्यांनी उचलली नाहीत. मग म्हणाले, "आगबोटीची तिकिटं मी काढून आणतो. दिवाळी झाली की निघा."

तिने उरलेला सगळा शेंदूर खरवडून काढला. नवा लावला नाही. जयवंतने येऊन पाहिले, अक्षरे वाचता येत नव्हती तरी हा राखणदार नव्हे हे त्याला कळले. तो माझ्यापुढे बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड झाकून घेतले. कौल लावणारे हात त्याचेच होते.

मित्रांनो, ओसाड जागेतही माणसे येतात, कारण त्यांना दुसरीकडे जागा नसते. अशी कुणी तुमच्या शेजारी आली तर त्यांना सगळे खरे सांगा. कुठले पाणी प्यावे, कुठल्या कामाने छाती भरते, कुठला दगड कशासाठी रोवला आहे. वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. तुम्हांला वाचता येत असेल तर मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकू जाईल असे. आणि जाऊ की राहू, हे तुमच्या घरातल्या माणसाला विचारा. ते माणूस बोलू शकते. मी बोलू शकत नव्हतो.

आगबोटीची तिकिटे आठ नोव्हेंबरची होती. रत्नप्रभाने सामान बांधले होते आणि भावाला आपल्या हाताने पत्र लिहून टाकले होते. लवू परब बुधवारी, सहा नोव्हेंबर एकोणीसशे सत्तावन्न रोजी, दुपारी वारला. तो चौतीस वर्षांचा होता.